मुहूर्ताचा पीस

मी अठ्ठावीस वर्षं जावा नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिले. आमच्या सोसायटीत अशी समजूत आहे की मी कॉम्प्युटर दुरुस्त करत असे. त्यामुळे निम्म्या संत तुकाराम नगरातले बंद प्रिंटर मी पाहिलेले आहेत. एकही दुरुस्त झाला नाही, पण पोहे सगळीकडे चांगले मिळाले. आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना जुने विद्यार्थी रस्त्यात वाकून नमस्कार करतात. समोरच्या निवृत्त नर्सबाईंकडे अख्खी गल्ली ब्लडप्रेशर दाखवायला येते. मला आजवर माझ्या एकाही प्रोग्रॅमने ओळख दाखवलेली नाही. जे चालतात ते आता दुसऱ्या कोणाचे आहेत आणि जे बंद पडतात ते माझे होते, अशी सोयीची वाटणी आमच्या ऑफिसात मी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी झाली.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली, की वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. अठ्ठावीस वर्षांत ही अट मला एकाही ग्राहकाने घातली नव्हती. त्यामुळे जमेल की नाही ते माहीत नाही.

आमचं काम थोडक्यात असं: कारखान्यात कोणी बटण दाबलं की नोंद व्हायला हवी, आणि उद्या कोणी विचारलं की ती सापडायला हवी. एवढंच. एवढ्यासाठी काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्रं आणि चिंचवड ते चाकण दोन तासांचा रोजचा प्रवास. नोंदी जिथे राहतात त्याला डेटाबेस म्हणतात. आपण गोदाम म्हणू.

माझ्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः उठून गोदामात जायचा. गोदामाचा पत्ता आणि कुलपाची किल्ली त्याच्या पोटातच लिहिलेली असायची. एका ग्राहकाने आपला कॉम्प्युटर भोसरीच्या जुन्या शेडमधून चाकणच्या नव्या कारखान्यात हलवायचं ठरवलं. नवं गोदाम चाकणला, जुनं भोसरीला. मी एकशे चौदा ठिकाणी पत्ता बदलला आणि एकशे पंधरावं ठिकाण राहून गेलं. ते कँटीनचं निघालं. चाकणच्या कामगारांनी बटणं दाबली आणि जेवणाची ऑर्डर भोसरीला गेली. तिथला आचारी आज्ञाधारक होता, त्याने खरोखर चारशे माणसांचा रस्सा केला. इकडे चाकणला चारशे माणसं रिकामी ताटं घेऊन उभी. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक मिलिंदराव यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की बाई, हे परत होणार नाही याची काय व्यवस्था करताय. मी म्हटलं, शिकते काहीतरी.

जे शिकले त्याचं नाव डिपेंडन्सी इंजेक्शन. चाकणमध्ये इंजेक्शन म्हटलं की लोकांना डिझेलचं इंजिन आठवतं, त्यामुळे त्या विषयाच्या पहिल्या मीटिंगला ग्राहकाने इंजिन विभागाचाही एक माणूस बसवला होता. तो तासभर मान डोलवत बसला आणि चहा पिऊन गेला. त्याला जेवढं कळलं त्याहून फार जास्त त्या खोलीत कोणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

खरं तर कल्पना कारखान्यांना आमच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. लाइनवरचा फिटर बोल्ट आणायला स्टोअरमध्ये जात नाही. तो जागेवर उभा राहतो आणि हव्या त्या मापाचा बोल्ट त्याच्या हाताशी येतो. स्टोअर कुठे आहे, किल्ली कोणाकडे आहे, हे त्याने विचारायचं नसतं. प्रोग्रॅमचंही तसंच करायचं. त्याने एवढंच सांगून ठेवायचं की मला नोंदी ठेवणारं कोणीतरी लागेल. ते कोणीतरी आणून हातात द्यायचं काम एक वेगळी यंत्रणा करते, तिला फ्रेमवर्क म्हणतात. उद्या गोदाम हललं तर एका जागी एक शब्द बदलायचा, सगळ्या प्रोग्रॅमना नव्या गोदामाची वाट मिळते. आचाऱ्याला रस्सा करावा लागत नाही.

आणखी एक सोय आहे, तिच्यावर तर मी जीव टाकत असे. प्रोग्रॅम तपासून बघायचा असेल तर खरं गोदाम लागतच नाही. त्याच्या हातात खोटं गोदाम द्यायचं. ते प्रत्येक नोंदीला ‘ठेवली’ म्हणतं आणि बाहेर फेकून देतं. काही मागितलं तर ‘नाही’ म्हणतं. प्रोग्रॅमला फरक कळत नाही, तो सुखात असतो. आपल्या हातात कोण काय देतंय हे न विचारणं हाच या विद्येचा गाभा आहे, आणि मी ती विद्या बारा वर्षं नवीन मुलामुलींना मोठ्या अभिमानाने शिकवली.

आता पडवळमामांकडे येते.

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचा एक ओतीव भाग बनायचा, मुठीएवढा, मधे आटे पाडलेलं भोक असलेला. लाइन तीनच्या शेवटी पडवळमामा उभे असायचे. ते तपासनीस. प्रत्येक पीस हातात घ्यायचे, आट्यांत गेज, म्हणजे माप तपासायचा दांडा, फिरवून बघायचे आणि पास किंवा नापास ठरवायचे. मामा त्याच भागातले. कारखान्याचं पेंट शॉप जिथे आहे तिथे त्यांच्या घरचा बटाटा व्हायचा. हे ते तक्रारीच्या सुरात सांगायचे नाहीत, पेंट शॉपचा पत्ता विचारणाऱ्याला दिशा सांगावी तसं सांगायचे. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण सगळे मामा म्हणायचे म्हणून मीही म्हणायची.

मामांची एक सवय होती. पास पिसाला ते पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचे आणि नापास पिसाला भोकाच्या तोंडाशी लाल. जुनी पद्धत. आम्ही तिथे कॉम्प्युटर बसवला, प्रत्येक पिसावर कोरलेला नंबर आला, मामांपुढे दोन बटणं आली. पुढे वळणावर एक फाटक बसवलं. पीस फाटकाशी आला की फाटक गोदामाला विचारणार, हा नापास आहे का. असला तर खटकन आडवं होऊन त्याला लाल पिंजऱ्यात ढकलणार. ही कल्पना माझी. ठिपक्यांची गरज संपली, तरी मामा ठिपके लावतच राहिले. मी मीटिंगमध्ये तक्रार केली की रंगामुळे नंबर वाचता येत नाही. तेव्हा गुणवत्ता विभागाचे प्रमुख देशमाने साहेब यांनी आदेश काढला की पॅकिंगच्या टेबलावर प्रत्येक पीस थिनरने पुसायचा, रंग कुठलाही असो. मामांना मी म्हटलं, मामा, आता पडद्यावर हिरवी पट्टी दिसली की नोंद आत गेली, रंग कशाला लावता. ते म्हणाले, "असूं द्या मॅडम. हाताला सवय हाय."

त्या कारखान्यात खंडेनवमी जोरात व्हायची. कारखान्याच्या मालकांच्या पत्नी, सगळे त्यांना वहिनी म्हणत, स्वतः येऊन एकेका यंत्राला हळदकुंकू वाहायच्या. कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार. पूजा झाली की प्रत्येक लाइनवर एक मुहूर्ताचा पीस काढायचा, तो तपासायचा, त्याची नोंद करायची, आणि मग तो पीस वहिनींच्या देवघरात जायचा. झालं असं की गोदामात नोंद राहायची आणि पीस देवघरात. दरवर्षी कारखान्याचा माल घेणाऱ्या ग्राहक कंपनीचा तपासणारा माणूस विचारायचा की हा एक पीस गेला कुठे, आणि देशमाने साहेबांना इंग्रजीत देवघर समजावून सांगावं लागायचं. त्यांनी मला उपाय विचारला.

उपाय माझ्या हातचा मळ होता. पूजेच्या सकाळी प्रोग्रॅम सुरू करताना मी एक शब्द जास्तीचा दिला. त्या एका शब्दाने सगळ्या प्रोग्रॅमच्या हातात खऱ्याऐवजी खोटं गोदाम आलं. वहिनींसमोर मुहूर्ताचा पीस तपासला गेला, बटण दाबलं, हिरवी पट्टी आली, टाळ्या झाल्या आणि कुठेही काहीही लिहिलं गेलं नाही. मुळातल्या एकाही ओळीला धक्का नाही. देशमाने साहेब वा म्हणाले. मी इतकी खूश होते की पुढच्या महिन्यात हे उदाहरण नव्या बॅचला शिकवायचं, असंही ठरवून टाकलं.

प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की झालं असतं, तो जास्तीचा शब्द त्या एका खेपेपुरताच होता. मी कीबोर्डकडे हात नेला तर वहिनींनी अडवलं. पूजलेल्या यंत्राला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नसतो, असा तिथला नियम. पंचवीस टनी प्रेसला जो नियम तोच कॉम्प्युटरला. मी म्हटलं बरं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लाइन सुरू व्हायच्या आत येऊन करते. मग सासरी साताऱ्याला गेले आणि विसरले. याहून सन्माननीय कारण मी पुढे बरंच शोधलं, सापडलं नाही.

लाइन सुरू झाली. मामा पीस तपासत होते, बटणं दाबत होते, हिरवी पट्टी येत होती. फाटक प्रत्येक पिसाला विचारत होतं, नापास आहे का, आणि खोटं गोदाम मनापासून नाही म्हणत होतं. चार दिवस. चौथ्या दिवशी कारखान्याच्या फलकावर खडूने लिहिलं गेलं, ‘लाइन तीन, चार दिवसांत शून्य नापास, अभिनंदन’. पेढे वाटले गेले. वहिनींच्या पूजेला फळ आलं असं देशमाने साहेब म्हणाले.

पेढा न घेतलेला एकच माणूस होता. त्या चौथ्या दिवशी दुपारी मला लाइनवरच्या सुपरवायझरचा फोन आला. म्हणाला, पडवळमामा ऐकत नाहीत, फाटकाचा आवाज येत नाही असं सकाळपासून घोकतायत. मामांच्या जागेवरून फाटक दिसत नाही, वळणाआड आहे. पण ते खटकतं ते त्यांना ऐकू यायचं. मी म्हटलं, आवाज येत नाही म्हणजे माल चांगला येतोय, मामांना म्हणावं आनंद माना. तो म्हणाला, तरी पण. मग मी आमचा खास अंगारा दिला: एकदा बंद करून परत चालू कर. त्याने केलं. जास्तीचा शब्द गेला, खरं गोदाम परत आलं, फाटक खटकायला लागलं. सगळं इतकं सुरळीत झालं की मला आपण काही केलंय हेसुद्धा कळलं नाही.

दोन-तीन आठवड्यांनी ग्राहक कंपनीकडून तीन पीस परत आले. आटे बिघडलेले. गाडीत बसायच्या आधीच सापडले हे नशीब, पण ब्रेकचा माल, कोणी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी त्या तीन नंबरांच्या तपासणीच्या नोंदी मागितल्या. गोदामात नोंदी नव्हत्या. त्या तीनच्या नव्हत्या आणि त्या चार दिवसांतल्या एकाही पिसाच्या नव्हत्या. देशमाने साहेबांनी सरळ हिशेब मांडला. चार दिवस लाइनवर तपासनीस एकच होता, नोंद एकही नाही, म्हणजे पडवळने चार दिवस न तपासता माल सोडला. मामांना नोटीस गेली, कामावरून काढून का टाकू नये याचा खुलासा करा. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

मला विचारलं गेलं की तुमच्या प्रणालीत दोष असू शकतो का. मी प्रोग्रॅम उघडला, सगळ्या चाचण्या चालवल्या. एकूण एक हिरव्या, म्हणजे पास. त्या चाचण्या खोट्या गोदामावर चालतात, त्या कधीच लाल होत नाहीत. पण मी त्यांच्याकडे आईच्या मायेने पाहिलं आणि पत्र लिहिलं: आमच्या प्रणालीत कोणताही दोष आढळला नाही. खाली सही. मिलिंदरावांनी पत्र वाचून माझं इंग्रजी चांगलं आहे असं म्हटलं. मामांना एक फोन करावा, त्यांनी काय पाहिलं ते विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. गोदामाने मला जे हातात दिलं ते मी घेतलं. आजही या पत्राची आठवण आली की मला माझी लाज वाटते.

चौकशीच्या दिवशी मी साक्षीदार म्हणून गेले. खोलीत देशमाने साहेब, एक एचआरचे अधिकारी, मिलिंदराव, मी, आणि टेबलाच्या त्या टोकाला मामा. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. टेबलावर ते तीन पीस आणि त्यांच्याशेजारी माझं पत्र. देशमाने साहेबांनी पत्र वाचून दाखवलं. मामांना विचारलं, काही म्हणायचंय का.

मामांनी उत्तर द्यायच्या आधी एक पीस उचलला. उजेडाकडे धरला, आत बघितलं. मग खिशातून काडी काढली, भोकात घालून आटे खरवडले आणि काडीचं टोक टेबलावरच्या माझ्या पत्राच्या मार्जिनवर पुसलं. लाल रेघ उमटली. दुसरा पीस, दुसरी लाल रेघ. तिसरा, तिसरी.

"थिनरनं वरचं जातंय, आट्यातलं न्हाई," ते म्हणाले. "ह्ये तिन्ही मी नापास केल्याले हायेत."

मग एचआरचे अधिकारी म्हणाले की रंग लावला असेल, पण नोंद केली नाही, आणि नोंद न करणं हाच तर आरोप आहे. देशमाने साहेबांनी मान हलवली. बरोबरच होतं त्यांचं. नापास पीस ओळखून बटण दाबलं नाही, तर तो न ओळखण्याहून वाईट गुन्हा. काडीने मामांची बाजू आणखी बिघडवली होती.

आणि त्याच वेळी मला कळलं. नापास पीस फाटकाने सोडला, म्हणजे गोदाम फाटकाला नाही म्हणालं. खरं गोदाम मामांची नोंद असताना नाही म्हणत नाही. सगळ्यांना सदा नाही म्हणणारं गोदाम मी एकच बनवलं होतं. माझ्यासमोर नोंदींची यादी होती. शेवटची नोंद खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळची, पुढची त्या फोननंतरची. मधे मी.

मी लगेच बोलले असं लिहायला आवडलं असतं. चहा आला, मी चहा घेतला. मिलिंदराव माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले की बाई, आपल्याला सिस्टिम बरोबर आहे एवढंच सांगायचंय, बाकी त्यांचं ते बघतील. खोट्या गोदामाचा कुठे मागमूस नव्हता. तो जास्तीचा शब्द फक्त माझ्या डोक्यात होता. मी गप्प बसले असते तर जगात कोणालाही, कधीही कळलं नसतं. मी बिस्किटसुद्धा खाल्लं.

मामा कप घेऊन माझ्या बाजूला आले. मला वाटलं विनवणी करतील, आणि ती ऐकायची माझी तयारी नव्हती.

"मॅडम, बटन म्या दाबलं व्हतं," ते म्हणाले. "हिरवी पट्टी आली. हिरवं मंजी आत गेलं, आसं तुमीच शिकिवलं आमाला."

एवढंच बोलून ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

चहा संपल्यावर मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. देवघर, मुहूर्त, जास्तीचा शब्द, हार, सातारा, फोन. खोटं गोदाम म्हणजे काय हे मला दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण जे ऐकलं ते खरं असेल असं त्यांना वाटेना. एचआरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, म्हणजे चार दिवस कॉम्प्युटर माणसांशी खोटं बोलत होता आणि तुमच्या शास्त्रात याला चांगली पद्धत म्हणतात? मी हो म्हटलं. मिलिंदराव खिडकीबाहेर बघत होते. मी माझं पत्र परत मागितलं, ते देशमाने साहेबांनी दिलं नाही. लाल रेघा असलेलं ते पत्र मामांच्या फाइलला लागलं, आणि नोटीस मागे घेतली गेली.

माझं काय झालं असं लोक विचारतात. काही झालं नाही. आमचा करार रद्द करायचं त्या कारखान्याच्या मनात होतं, पण माझा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाला कळेना. चांगुलपणा नव्हे, दुर्बोधपणा माझ्या कामी आला. आमच्या क्षेत्रात बहुतेकांची नोकरी याच पायावर उभी आहे. खोटं गोदाम मी कारखान्याच्या प्रोग्रॅममधून उपटून काढलं, चाचण्यांपुरतं आमच्या ऑफिसात ठेवलं. आणि नव्या बॅचला शिकवताना पूर्वी जे वाक्य अभिमानाने म्हणायची, की हातात कोण काय देतंय ते विचारायचं नसतं, तिथे आता थांबायला लागले.

मामांची मी माफी मागितली. लाइनवर जाऊन, सगळ्यांसमोर. त्यांनी गेज खाली ठेवलं नाही. म्हणाले, "सही करायच्या आदी एकदा मला इचारायचं व्हतं." मग पुढचा पीस उचलला. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि कामही फारसं काढलं नाही.

पुढची खंडेनवमी आली. देशमाने साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं की मुहूर्ताच्या नोंदीचं काय करायचं. मी म्हटलं, खरी करायची, आणि देवघर तुम्हीच समजावून सांगा इंग्रजीत. वहिनींनी हार घातले, नारळ फुटला. लाइन तीनच्या लोकांनी सर्वांत देखणा पीस निवडून, पुसून, चकचकीत करून ठेवला होता. वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी पडवळमामांच्या हातात दिला. त्यांनी तो कपाळाला लावला. आता बटण दाबायचं, टाळ्या वाजायच्या आणि पेढे. सगळ्यांनी हात टाळीसाठी तयार ठेवले होते.

मामांनी खिशातून गेज काढलं.

कोणीतरी हसलं. मामांनी गेज आट्यांत घातलं, फिरवलं, काढलं. पीस उलटा करून पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घालताना वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग मामांनी आपल्या डबीतून लाल रंग घेतला, कुंकवाच्या शेजारी भोकाच्या तोंडाशी ठिपका लावला, पीस पट्ट्यावर ठेवला आणि नापासचं बटण दाबलं. हिरवी पट्टी आली. कोणी टाळी वाजवली नाही.

देशमाने साहेब माझ्या कानाशी आले आणि ही एवढी एक नोंद काढता येईल का, असं विचारलं. वर्षाचा मुहूर्त आहे, म्हणाले. मी म्हटलं, नाही साहेब, आत गेली.

पट्टा सरकत होता. हळदकुंकू लावलेला पीस वळणाआड दिसेनासा झाला. मामा मान तिरकी करून उभे होते, आणि त्यांच्याकडे बघून मीही. मग वळणाआडून खटकन आवाज आला.

मामांनी वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"आला आवाज," ते म्हणाले.